नव्या प्रोसेसरची पारख

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा हें गांव लागतें. पौष पौर्णिमेस तेथें खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, आणि त्या यात्रेंतील बैलबाजार ठाणें जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. बैल घेणारा शेतकरी प्रथम जनावराचा ओठ वर करून दांत पाहतो. दोनदाती आहे, चारदाती आहे, कीं दांत पुरे जुळले आहेत, हें पाहून वय ठरवतो. शिंगें घासून वर रंग दिला असेल अशी शंका आली तर नखानें खरवडून पाहतो. मग खूर, खांदा, पाठ. आणि एवढें झाल्यावरही पैसे मोजण्यापूर्वीं तो बैल चार पावलें चालवून पाहतो.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय बैल नाहीं. संगणकाचा प्रोसेसर आहे. परंतु ज्या घरीं या विषयाचा मला नीट उलगडा झाला, त्या घरचे कर्ते गृहस्थ चाळीस वर्षें या बाजारांत बैल पारखीत आलेले आहेत, आणि त्या दिवशींचा निम्मा उलगडा त्यांच्याच एका वाक्यानें झाला. म्हणून आरंभ तेथून केला.

हें घर सिद्धगडच्या पायथ्याशीं, नारिवलीच्या बाजूस आहे. सिद्धगड म्हटलें कीं पुष्कळांना २ जानेवारी १९४३ हा दिवस आठवतो. त्या दिवशीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे या डोंगराच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या आझाद दस्त्यानें १९४२ च्या चळवळींत मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. ज्या काळीं वीज या मुलखाच्या डोक्यावरून शहराकडे जात होती आणि खालच्या घरांत रॉकेलची चिमणी जळत होती, त्या काळापासून आजवर किती अंतर पडलें, हें त्या घरांत शिरतांच दिसतें. ओटीवर भाताच्या कणग्या, आणि आंतल्या खोलींत बसून घरचा मुलगा कल्याण-डोंबिवलीच्या अभियंत्यांचे इमारतींचे आराखडे संगणकावर काढून देतो. त्या कामासाठीं त्यानें नवा संगणक स्वतःच्या हातानें जुळविला. प्रोसेसर इंटेल कंपनीचा कोअर आय-५ १२४०० या नांवाचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे हल्लींच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, कुरियरनें मागविला होता. एकट्या प्रोसेसरलाच बारा हजारांहून अधिक रुपये पडले, आणि ते भाताचे पैसे होते.

मी गेलों तेव्हां चैत्र संपत आला होता आणि घरांत तंटा पेटला होता. मोठा आराखडा उघडला कीं दहा मिनिटांत यंत्र रडतखडत चालूं लागे. दोन वेळां तर भर दुपारीं आपोआप बंद पडलें. एका अभियंत्याचें काम वेळेवर गेलें नाहीं. वडिलांचा निकाल आधींच लागलेला होता. "काका," मुलगा मला म्हणाला, "बाबा म्हणतात, माल खोटा आहे. खोक्याचा कोपरा चेपलेला होता आणि सीलची एक बाजू उचललेली होती, हें मलाही आठवतं." दुकान सुचविलें होतें मुलाच्या मामांनीं, आणि दुकानदार मामांचा वीस वर्षांचा स्नेही. दुसऱ्या दिवशीं मुंबईस जाऊन त्या माणसाला चार लोकांत जाब विचारावा, असा बेत ठरला होता. मुलाची आई एक शब्दही न बोलतां भाकऱ्या थापीत होती. तिच्या भावाच्या शब्दाचा हा प्रश्न होता.

आतां, माल खोटा असण्याची शंका अगदींच वाउगी होती असें मीं म्हणणार नाहीं. या धंद्यांत लबाडी झालेली आहे. १९९० नंतरच्या दशकांत कमी वेगाच्या पेंटियमवरील छाप खरवडून त्यावर अधिक वेगाचा आंकडा उमटवून विकण्याचा प्रकार जगभर चालला. म्हणजे शिंगें घासून रंग देण्याचीच कला ती! २०१० च्या मार्चमध्यें न्यूएग या अमेरिकेंतील मोठ्या विक्रेत्याकडून गेलेल्या कोअर आय-७ ९२० च्या सुमारें ३०० पेट्या बनावट निघाल्या. आंत प्रोसेसरऐवजीं निर्जीव ठोकळा होता, पंख्याच्या जागीं पंख्याचें चित्र चिकटविलेला प्लास्टिकचा तुकडा होता, आणि खोक्यावरील इंग्रजी शब्दांचीं वर्णलेखनें चुकलेलीं होतीं. २०१७ सालीं कांहीं गिऱ्हाइकांना एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या खोक्यांत इंटेलचा जुना, हलका प्रोसेसर वर खोटी चिठ्ठी लावून आलेला आढळला. ती लबाडी ओळखणें तर फारच सोपें होतें. त्या वेळच्या रायझनच्या पोटाला बारीक सुयांची दाटी असे, आणि इंटेलच्या प्रोसेसरचें पोट सपाट, नुसत्या सोनेरी टिकल्यांचें. पण उलटून पाहणार कोण? नवी वस्तु हातीं आली कीं आपल्याला ती बसविण्याची घाई असते.

मीं खोका मागितला. सुदैवानें तो माळ्यावर टाकलेला होता. पुष्कळ घरांत तो पहिल्याच दिवशीं चुलींत जातो. खोक्यावर तीन गोष्टी वाचावयाच्या असतात. पहिली म्हणजे आयात करणाराची चिठ्ठी. आवेष्टित वस्तूंविषयींच्या २०११ च्या नियमांप्रमाणें परदेशांतून आलेल्या मालावर आयात करणाराचें नांव व पत्ता, मालाचा मूळ देश, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रार कोठें करावी हें छापावें लागतें. ही चिठ्ठी मुळींच नसेल तर माल आडवाटेनें आला असण्याचा संभव असतो, आणि मग कंपनीची हमी मागतांना अडचण होते. येथें चिठ्ठी होती. इतकेंच नव्हे, तर ती सीलच्या कडेवर अर्धी चढलेली होती आणि कुरियरच्या हेलपाट्यांत कोपरा चेपतांना तिनें सीलची ती कड वर ओढली होती. सील स्वतः एका बाजूस सरळ कापलेलें होतें, आणि ती काप मुलाच्याच पात्याची होती. उचललेल्या कडेचें रहस्य एवढेंच निघालें.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीची स्वतःची पांढरी पट्टी. इंटेलच्या पेटीवर तिजवर दोन क्रमांक असतात, एक ज्या घाण्यांत तो प्रोसेसर तयार झाला त्याचा आणि दुसरा त्या एकाच नगाचा. हे कंपनीच्या संकेतस्थळावर घातले असतां हमी चालू आहे कीं नाहीं, व कोणत्या तारखेपर्यंत, हें समजतें. पेटीबंद प्रोसेसरला तीन वर्षांची हमी असते. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर खरा असला तरी त्याची हमी कंपनी ग्राहकाला देत नाहीं. ती विकणाऱ्याच्या शब्दावर राहते. दोन्ही माल एकाच कारखान्याचे, पण सुटा नग बनावट पेटींत घालून पेटीबंदच्या भावानें विकला तर तीही फसवणूकच. मुलाच्या मोबाइलवर आम्ही क्रमांक घातले. हमी चालू असल्याचें उत्तर आलें.

येथें पुष्कळजण थांबतात, आणि येथेंच थांबूं नये. पट्टी खरी आहे एवढेंच यावरून सिद्ध होतें. खरी पेटी मिळवून आंत दुसराच प्रोसेसर घालणें हीच तर नेहमींची युक्ति. म्हणून तिसरी गोष्ट म्हणजे पेटीवरचा घाण्याचा क्रमांक आणि प्रोसेसरच्या धातूच्या पाठीवर लेझरनें कोरलेला क्रमांक ताडून पाहणें. इंटेलच्या नगाचा स्वतःचा क्रमांक हिरव्या पाटीच्या कडेला अगदीं बारीक अक्षरांत, अपुरा असा, छापलेला असतो. तो वाचावयास भिंग लागतें. रायझनच्या बहुतेक पेट्यांना लहानशी खिडकी असते, त्यामुळें पेटी न उघडतांच आंतील अक्षरें दिसतात. विकत घेतांना ती खिडकी अवश्य पाहावी.

मुलानें मध्येंच विचारलें, "पण काका, संगणक स्वतःच नांव सांगतो ना? मग वरचे आंकडे कशाला?" प्रश्न योग्य होता. प्रोसेसरचें नांव त्याच्या सिलिकॉनमध्येंच नोंदलेलें असतें, आणि सीपीयू-झेडसारखा विनामूल्य प्रोग्राम तें वाचून दाखवितो. पाठीवर कोणीं कांहींही खरडलें तरी आंतील नोंद त्यामुळें बदलत नाहीं. आम्ही पाहिलें तों नांव बरोबर, कोअर सहा, थ्रेड बारा, कॅश १८ मेगाबाइट. म्हणजे जात बरोबर होती. परंतु त्या जातीचा हाच तो नग, आणि हमी याच नगाची, हें आंकडे ताडल्यावांचून कळत नाहीं. बैल खिलारी आहे हें दिसतें. पावती ज्याची झाली तोच तो बैल काय, हा प्रश्न निराळा.

वडील इतका वेळ उंबरठ्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "दांत वय सांगतात, गुरुजी. ओढ सांगत नाहींत. ओढ बघायची तर जू मानेवर ठेवावं लागतं."

हें वाक्य ऐकल्यावर आमच्या विचाराची दिशा बदलली. खोका, पट्टी, क्रमांक हे सारे दांत. यंत्र तापून मंदावतें ही ओढीची गोष्ट. दोन निरनिराळे प्रश्न त्या घरांत एकाच रागांत मिसळले होते. अस्सल प्रोसेसर भलताच तापूं शकतो, आणि नांव बदलून विकलेला हलका प्रोसेसर दिवसभर थंडगार राहूं शकतो. तो काम कमी करतो, म्हणून तापतही कमी. तापावरून सचोटी ओळखतां येत नाहीं.

तो तापतो कां, हें थोडें सांगितलें पाहिजे. १९७१ सालीं इंटेलनें काढलेल्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्यें सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर ते अब्जांनीं मोजावे लागतात. प्रोसेसर जी वीज घेतो ती अखेर जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आय-५ १२४०० वर सतत चालण्याचा आंकडा ६५ वॅट दिलेला आहे. थोडा वेळ तो ११७ वॅटपर्यंत जाऊं शकतो, आणि कांहीं मदरबोर्ड त्याला तेथेंच रेंगाळूं देतात. आपल्याला ६५ वॅट म्हणजे एखाद्या जुन्या बल्बाएवढें क्षुल्लक वाटतें. पण हजार वॅटच्या इस्त्रीचा तळवा दोनशे चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला पांच वॅट पडतात. येथें दोन चौरस सेंटिमीटरांच्या आंतच ६५ वॅट आहेत. म्हणजे इस्त्रीच्या सहापटीहून अधिक दाट उष्णता, आणि इस्त्री तापावी अशी आपली इच्छा असते!

ही उष्णता चकतीवरून निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पाठींत, तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरांतून पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत, आणि पात्यांतून हवेंत जाते. दोन धातूंचे गुळगुळीत पृष्ठ एकमेकांवर ठेवले तरी त्यांत सूक्ष्म पोकळ्या राहतात, व पोकळींतील हवा उष्णतेला आडवी येते. पेस्ट त्या पोकळ्या बुजविते. या सांखळींतील एक कडी सैल झाली कीं उष्णता अडून राहते. प्रोसेसरच्या पोटांत उष्णता मोजणारे कांटे आहेत. या जातीची मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे. तेथें पोचतांच तो स्वतःच वेग उतरवितो, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर स्वतःला वांचविण्यासाठीं यंत्र बंद करतो. एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्सची मर्यादा ९५ अंश आहे. रायझन ७००० मालिकेंतील बहुतेक नगांचीही ९५, आणि तिच्यांतील मोठे नग तर पुऱ्या कामाला त्या मर्यादेपर्यंत जाण्यासाठींच बनविलेले आहेत. म्हणून शेजाऱ्याचा आंकडा आपल्याला लावून घाबरूं नये. आपल्या नगाची मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकांत पाहावी.

आम्ही जू ठेविलें. खोलींतील हवा ३६ अंश होती. कांहीं काम नसतां प्रोसेसर ६२ अंश दाखवीत होता. सायनबेंच नांवाचा परीक्षेचा प्रोग्राम सुरू केला, आणि पुरें एक मिनिट होण्यापूर्वीं कांटा १०० वर जाऊन ठेपला, वेग धडाधड उतरला. रोग उघड झाला होता. शिवाय यंत्राची पेटी भिंतींतल्या कोनाड्यांत तिन्ही बाजूंनीं कोंडलेली, आणि वर मुलाच्या आईनें प्रेमानें विणलेलें लोकरीचें आच्छादन. धुळीपासून बचाव व्हावा म्हणून तें होतें. त्याबद्दल तिला बोल लावणें बरें नव्हे. पण चैत्रांत यंत्राला लोकर पांघरणें म्हणजे जरा अतिच माया झाली.

आंकडे ताडण्यासाठीं पंखा काढावाच लागणार होता. वीज तोडली, खुंट्या बाणाच्या दिशेनें फिरविल्या, पंखा उचलला, आणि ज्या कामासाठीं उचलला त्याच्या आधींच दुसरें काम झालें. खालच्या पेस्टचा ठसा एका बाजूस पातळ पसरलेला, तर दुसऱ्या बाजूस कारखान्यांतून आली तशी रेषांसकट जाड, न दबलेली! इंटेलचा पंखा चार कोपऱ्यांच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. तीन खुंट्या मदरबोर्डाच्या आरपार गेल्या होत्या. चौथी भोंकांत टेकून नुसती उभी होती. पंखा फिरत होता, वारा येत होता, म्हणून मुलाला शंका आली नाहीं. त्यानें मान खालीं घातली. वडील कांहीं बोलले नाहींत, हें त्यांचें मोठेपण.

मग स्पिरिटनें पाठ पुसली. कोरलेलीं अक्षरें पुसलीं गेलीं नाहींत. शाईनें छापलेलीं असतीं तर कदाचित् गेलीं असतीं. ही कसोटी निर्णायक नव्हे, पण फुकट आहे. आजोबांचें भिंग काढलें आणि वडिलांनींच एकेक अक्षर मोठ्यानें वाचलें, मुलानें पेटीवरचें वाचलें. घाण्याचा क्रमांक जुळला. कडेचा अपुरा क्रमांक नगाच्या क्रमांकाच्या शेवटाशीं जुळला. माल अस्सल होता. स्वयंपाकघरांतला भाकरीचा आवाज थोडा वेळ थांबला आणि पुन्हां सुरू झाला.

माझ्या पिशवींत पेस्टची नळी होती. तुरीच्या दाण्याएवढी मध्यभागीं ठेविली. अधिक लावल्यानें अधिक गार होतें ही समजूत चुकीची आहे. खुंट्या समोरासमोरच्या जोडीनें दाबल्या, प्रत्येकीचा टक् आवाज ऐकला, आणि मदरबोर्ड उलटा करून चारी पांढऱ्या टोकांच्या मधून काळी सळई आलेली डोळ्यांनीं पाहिली. आवाजावर न विसंबतां हें पाहणें महत्त्वाचें. पेटी कोनाड्यांतून काढून मेजावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेविली.

पुन्हां परीक्षा घेतली. रिकामा असतां ४६ अंश. सायनबेंच दहा मिनिटें चालला आणि कांटा ८२ वर स्थिर राहिला. वेग उतरला नाहीं. मुलगा किंचित् हिरमुसला. मुंबईंतल्या त्याच्या मित्राचा तोच प्रोसेसर, तोच पंखा, आणि त्याचा आंकडा ७० होता. मीं त्याला विचारलें, "मित्राच्या खोलीची हवा किती?" फोन करून कळलें, वातानुकूलित खोली, २४ अंश. ७० मधून २४ वजा केले तर ४६. आपल्या ८२ मधून ३६ वजा केले तरी ४६. पंखा हवेला थंड करीत नाहीं. हवेच्या वर प्रोसेसर किती चढावा एवढेंच तो ठरवितो. ज्या मुलखांत वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो, तेथें खोलीचा आंकडा लिहिल्यावांचून प्रोसेसरचा आंकडा लिहिणें निरर्थक आहे. हवा ४२ झाली तर हेंच यंत्र ८८ पर्यंत जाईल, आणि तरी तें निरोगी असेल. हा फरक ४६ वरून ५५-६० वर सरकूं लागला, तर मात्र पात्यांत धूळ बसली किंवा खुंटी सुटली असें समजावें.

मामांना फोन करण्याचें काम वडिलांनीं स्वतःकडे घेतलें. काय बोलणें झालें तें मीं ऐकलें नाहीं. ते अंगणांत जाऊन बोलले.

त्या घरीं आतां भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दर पौर्णिमेला दोन आंकडे लिहिले जातात, एक खोलीचा आणि एक प्रोसेसरचा. पावती खोक्यांत घालून खोका माळ्यावर ठेविला आहे. पुढच्या पौषांत मी म्हशाच्या यात्रेस गेलों होतों, तेव्हां त्या गृहस्थांनीं एका खोंडाचे दांत पाहिले, शिंगें पाहिलीं, आणि मालकाला म्हणाले, "सगळं बेस आहे. आतां जरा गाडीला जुंपून दाखवा."